गॅस नव्हे, काळीज!

मैत्रिणींनो, छातीत दुखलं की आपण ‘गॅस झाला असेल’ म्हणत ओवा चघळतो आणि पुन्हा कामाला लागतो. वस्तीत मी हेच पाहते. आज दुसऱ्याच वायूबद्दल बोलू. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड बनवतं. त्यानं वाहिन्या सैलावतात, गुठळ्यांना आळा बसतो, हृदय जपलं जातं. या शोधाला १९९८ साली नोबेल मिळालं. पाळी गेली, इस्ट्रोजेन घटलं, की हा वायूही कमी पडतो, तंबाखूनं आणखी. मिशरी लावणाऱ्या बायांनो, ऐकताय ना? रोज चाललं की तो वाढतो. अचानक दम लागणं, जबडा-पाठ दुखणं, मळमळ, घाम हीसुद्धा झटक्याची लक्षणं असू शकतात. तेव्हा भाकरी तव्यावरच राहू द्या, दवाखाना गाठा.