अडखळणारा मुलगा राजदूत झाला



"मेळाव्यात दोन शब्द बोल" असा निरोप आला, तेव्हा हसू आलं. वर्गात बोलतो म्हणून सगळ्यात जास्त वेळा बाहेर उभा राहिलेला मीच! पण आज मला अशा माणसाबद्दल सांगायचंय, ज्याला शाळेत असताना नीट बोलता येत नसे.

नानी पालखीवाला. जन्म १६ जानेवारी १९२०, मुंबईत, एका साध्या पारशी कुटुंबात. पूर्वज पालख्या बनवायचे, म्हणून हे आडनाव. नानी लहानपणी तोतरे बोलत. जिद्दीने त्यांनी त्यावर मात केली. इंग्रजीत एम. ए. झाल्यावर प्राध्यापकीसाठी अर्ज केला, तर ती जागा दुसऱ्यालाच मिळाली. मग ते कायद्याकडे वळले. १९५० साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, जमशेदजी कांगांबरोबर प्राप्तिकर कायद्यावर ग्रंथ लिहिला. पुढे टाटा समूहात संचालक झाले, एसीसी आणि टीसीएसचे अध्यक्ष झाले.

१९५८ साली मुंबईतल्या एका हॉटेलच्या छोट्या सभागृहात त्यांनी अर्थसंकल्पावर भाषण केलं. पुढे याच वार्षिक भाषणाला इतकी गर्दी होऊ लागली, की ते ब्रेबॉर्न स्टेडियममध्ये घ्यावं लागलं. आणि तेही हातात कागद न घेता!

जून १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते इंदिरा गांधींची बाजू मांडत होते. आणीबाणी जाहीर होताच त्यांनी ते वकीलपत्र परत केलं. १९७७ मध्ये मोरारजी देसाई सरकारने त्यांना अमेरिकेत भारताचे राजदूत म्हणून पाठवलं. परराष्ट्र सेवेत एक दिवसही न काढलेला माणूस वॉशिंग्टनमध्ये देशाच्या वतीने बोलू लागला.

हे वाचताना मला आपला वर्ग आठवला. शेवटून दुसऱ्या बाकावरचा आपला मित्र धडा वाचायला उभा राहिला, की पहिल्याच शब्दाला अडायचा. आणि पहिला हसायचो तो मी. हळूहळू त्याने हात वर करणंच सोडलं. उत्तरं त्याला येत होती, हे शाळा सुटल्यावर मुठेच्या काठाने घरी जाताना मला कळायचं. तिथे तो माझ्याशी न अडखळता बोलायचा. तरी दुसऱ्या दिवशी मी हसायचोच.

मित्रा, तू आज इथे बसला आहेस. माफी मागायला मला इतकी वर्षं लागली. चुकलो रे.

आपण शाळेला संगणक देतोय, बाकं देतोय, चांगलंच आहे. वारजे केवढं बदललं, शाळाही बदलली. पण आजही कुठल्यातरी वर्गात एखादं पोर पहिल्या शब्दाला अडत असेल. महिन्यातून एक तास आपल्यापैकी कुणीतरी येऊन अशा मुलांना मोठ्याने वाचायला लावावं, आणि त्यांचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबावं. पहिला तास माझा.