आकडा आणि उजेड



या वसंत व्याख्यानमालेत कोणी संतवाङ्मयावर बोलतो, कोणी अर्थकारणावर, कोणी नाट्यसंगीतावर. चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी "स्वस्त मोबाइलचा कॅमेरा" असे सांगितले, आणि ते क्षणभर गप्पच राहिले. यंत्रमाग कामगारांत आयुष्य घालवलेल्या माणसाने मजुरीवर बोलावे, बोनसवर बोलावे. कॅमेऱ्याशी त्याचा काय संबंध? संबंध असा की, आज मजुराच्या हातात पुरावा म्हणून जी एक वस्तू आहे, ती हीच आहे. हजेरीपुस्तकाचा फोटो, पगाराच्या चिठ्ठीचा फोटो, अपघाताच्या जागेचा फोटो, दवाखान्याच्या कागदाचा फोटो. दहा-बारा हजारांचा मोबाइल घेताना त्याच्या महिन्याच्या कमाईचा मोठा वाटा खर्ची पडतो. त्या पैशात त्याला काय मिळते, आणि काय मिळते असे त्याला सांगितले जाते, यांतला फरक समजावून देणे हे मी संघटनेचेच काम मानतो. माझे शाळेतले शिक्षण थोडे. जे सांगणार आहे ते वाचून, जाणत्यांना विचारून आणि हाताने करून पाहून मिळवलेले आहे. तेव्हा ते कोणालाही कळेल असेच सांगता येईल, अशी मला आशा आहे.

दुकानात गेल्याबरोबर खोक्यावर मोठ्या अक्षरांत एक आकडा दिसतो : ५० मेगापिक्सेल, ६४ मेगापिक्सेल, १०८ मेगापिक्सेल. आकडा मोठा तो फोन चांगला, अशी आपली समजूत करून दिलेली असते. हा मेगापिक्सेल आहे तरी काय? कॅमेऱ्याच्या भिंगामागे नखाहूनही लहान अशी एक चकती असते. तिला सेन्सर म्हणतात. तिच्यावर उजेड मोजणारी अतिसूक्ष्म घरे ओळीने मांडलेली असतात. प्रत्येक घर चित्राचा एक ठिपका देते. असे दहा लाख ठिपके म्हणजे एक मेगापिक्सेल. आडवे ४,००० आणि उभे ३,००० ठिपके असले, तर गुणाकार एक कोटी वीस लाख, म्हणजे १२ मेगापिक्सेल. यात गूढ काही नाही.

हा आकडा एके काळी फार महत्त्वाचा होता, हे मान्य केले पाहिजे. १९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याचे चित्र शंभर गुणिले शंभर, म्हणजे अवघ्या दहा हजार ठिपक्यांचे होते, आणि ते कॅसेटच्या फितीवर उतरायला तेवीस सेकंद लागत. २००० साली जपानात शार्प कंपनीचा कॅमेऱ्याचा फोन विक्रीला आला, त्यात सुमारे एक लाख दहा हजार ठिपके होते. एवढ्या थोड्या ठिपक्यांत चेहरा ओळखणेही कठीण. त्या काळात आकडा वाढला की चित्र सुधारत असे, आणि लोकांनी आकड्यावर विश्वास ठेवला तो उगाच नव्हे.

पण पुरेसे म्हणजे किती? हिशेब करून पाहू. चार बाय सहा इंचांचा फोटो छापायचा, आणि इंचाला तीनशे ठिपके धरायचे, तर साडेएकवीस लाखांच्या आसपास ठिपके लागतात. म्हणजे दोन मेगापिक्सेलहून किंचित अधिक. ए-फोर कागदभर मोठा फोटो छापायचा तर ८७ लाख. स्वस्त मोबाइलच्या पडद्यावर बहुधा ७२० गुणिले १,६०० ठिपके असतात, म्हणजे साडेअकरा लाख. घरच्या, कामाच्या आणि कागदपत्रांच्या फोटोंना ८ ते १२ मेगापिक्सेल भरपूर झाले. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. १२ चे ४८ झाले म्हणजे बारकावा चौपट होत नाही. ठिपके आडवे दुप्पट आणि उभे दुप्पट होतात. म्हणजे बारीक अक्षर फार तर दुप्पट अंतरावरून वाचता यावे, तेही बाकी सगळे जुळले तर.

बाकी सगळे म्हणजे काय, हे मागावरच्या माणसाला चटकन कळेल. आपल्याकडे कापडाच्या एका इंचात आडवे धागे किती बसले, त्यावरून पिक मोजतात, आणि विणकराची मजुरी त्यावर ठरते. पण गिऱ्हाईक कापड घेताना नुसते पिक विचारत नाही. सूत कोणते, ताणा कसा, धाग्याला पीळ किती, हे सारे तो चिमटीत धरून पाहतो. निकृष्ट सुताचे पिक वाढवले, तर कापड दाट दिसेल, टिकणार नाही. मोबाइलच्या दुकानात मात्र आपण नुसते पिक मोजून कापड घरी आणतो.

कॅमेऱ्याचे सूत म्हणजे उजेड, आणि किती उजेड गोळा होणार हे सेन्सरच्या आकारावर आणि भिंगाच्या तोंडावर ठरते. स्वस्त फोनांत वापरला गेलेला ५० मेगापिक्सेलचा एक सेन्सर घ्या. त्याचा आकार सुमारे ५.२ मिलिमीटर गुणिले ३.९ मिलिमीटर. तांदळाच्या दाण्याएवढ्या लांबीत पाच कोटी घरे बसवलेली! जुन्या छायाचित्रकाराच्या फिल्मची चौकट ३६ गुणिले २४ मिलिमीटरची असे. ती याच्या बेचाळीसपट मोठी. या सेन्सरचे एक घर ०.६४ मायक्रॉनचे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तांबड्या प्रकाशाच्या लाटेची लांबीही साधारण तेवढीच असते. त्यातच निसर्गाचा एक नियम आडवा येतो. भिंग कितीही निर्दोष घासले तरी प्रकाशाचा ठिपका त्यातून अगदी टोकदार पडत नाही, थोडा पसरतोच. एफ १.८ मापाच्या भिंगातून हिरव्या उजेडाचा ठिपका सुमारे २.४ मायक्रॉन रुंद पडतो. म्हणजे एक ठिपका जवळजवळ चार घरांची रुंदी व्यापतो. घरे आणखी बारीक केली, तर त्याच पसरलेल्या ठिपक्याची जास्त वेळा मोजणी होईल, एवढेच.

हे कंपन्यांना ठाऊक नाही असे समजू नका. म्हणूनच ५० मेगापिक्सेलचा फोन नेहमीच्या रीतीने फोटो काढताना शेजारची चार घरे एकत्र मोजतो आणि साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो हातात देतो. १०८ चा फोन बहुधा नऊ घरे एकत्र करून १२ चा देतो. ही युक्ती चांगली आहे, तीत लबाडी नाही. पण खोक्यावर ५० आणि हातात साडेबारा, हे विक्रेता आपण होऊन सांगत नाही. रंगाचेही असेच. प्रत्येक घरावर तांबडा, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाची गाळणी असते; उरलेले दोन रंग शेजाऱ्यांच्या मोजणीवरून अंदाजाने भरले जातात. ही गाळण्यांची मांडणी कोडॅकच्याच ब्राइस बेयर यांची, तिचे पेटंट १९७६ सालचे.

लहान घरांचे खरे दुखणे अंधारात कळते. संपाचा कौल घ्यायचा आहे अशी कल्पना करा. खात्यातल्या दहा जणांना विचारले, तर योगायोगाने भलताच निकाल निघेल. हजारांना विचारले, तर खऱ्याच्या जवळ जाल. उजेडही असाच कणाकणांनी येतो. एका घरात शंभर कण पडले, तर मोजणीत दहाएक कणांची चूक स्वाभाविकच असते, म्हणजे शेकडा दहा. दहा हजार पडले, तर शंभराची, म्हणजे शेकडा एक. भर दुपारच्या उन्हात लाखभर लक्स उजेड असतो. रात्री एका ट्यूबच्या खोलीत तो शेकड्यांवर येतो. उन्हात दहा हजारांचा फोन आणि लाखाचा फोन यांचे फोटो जवळजवळ सारखे दिसतात, आणि रात्रपाळीत जमीनअस्मानाचा फरक पडतो, त्याचे कारण हे.

उजेड कमी पडला की फोन तीन उपाय करतो. झडप जास्त वेळ उघडी ठेवतो, मग हात हलला की चित्र फिसकटते. आलेला संकेत मोठा करतो, मग दाणे दिसतात. शेवटी गणिताने ते दाणे पुसून टाकतो, आणि त्यांबरोबर कागदावरची बारीक अक्षरेही पुसली जातात. लागोपाठ अनेक फोटो घेऊन त्यांचा मेळ घालणे, हात हलला तरी भिंग स्थिर ठेवणे, या सोयी आहेत; त्यांतली दुसरी स्वस्त फोनांत क्वचितच मिळते.

याच जोडीला पाठीवरच्या भिंगांची संख्या. २०१९ नंतरच्या कित्येक स्वस्त फोनांवर तीन-तीन, चार-चार भिंगे दिसू लागली. त्यांतले एक कामाचे, बाकीची दोन मेगापिक्सेलची. काहींत तर ३२० गुणिले २४०, म्हणजे पाऊण लाखांच्या आसपास ठिपक्यांचे भिंग. २००० सालच्या जपानी फोनापेक्षाही कमी! बोर्डावर चार कारभाऱ्यांची नावे आणि काम एकटाच करतो, असला हा प्रकार.

आता हे सारे मजुराच्या कामी कसे येते ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात रात्रपाळीला एका मुलाचे बोट पट्ट्यात सापडले. पट्ट्यावर जाळी नव्हती. सोबतच्या कामगाराने फोटो काढला. तो या गटातून त्या गटात फिरत आमच्याकडे आला. जाळी नाही एवढे दिसत होते, पण यंत्रावरचा क्रमांक म्हणजे नुसता राखाडी डाग. मालकपक्ष म्हणाला, हे यंत्र आमचे कशावरून? आम्ही त्या सोबत्याला गाठले. त्याचा फोन जुना, १३ मेगापिक्सेलचा. पण फोटो काढताना दुसऱ्याने बॅटरीचा उजेड बाजूने टाकला होता आणि याने हात खांबाला टेकवला होता. मूळ फोटो मोठा करून पाहिला तर क्रमांक स्वच्छ वाचता आला. दावा उभा राहिला तो त्या क्रमांकावर.

वाटेत काय हरवले होते? व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या रीतीने पाठवलेला फोटो लहान केला जातो. त्याची लांब बाजू साधारण १,६०० ठिपक्यांवर येते. १०८ मेगापिक्सेलचा फोटोही तिथे दोन मेगापिक्सेलच्या आत बसतो. २०२३ पासून एचडी म्हणून पाठवण्याची सोय झाली, तरीही मूळ फोटो जसाच्या तसा धाडायचा तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. आणि मूळ फोटो फोनमधून पुसू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखाली असा पुरावा न्यायालयात द्यायचा, तर त्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. फोटो कोणत्या फोनने काढला, हे तिथे विचारले जाते. गटात फिरलेली नक्कल त्याचे उत्तर देऊ शकत नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामांवर मजुरांची हजेरी मोबाइलच्या फोटोने, दिवसातून दोनदा, सक्तीची झाली होती. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास खात्यानेच राज्यांना कळवले की, काही ठिकाणी कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जातात, काही ठिकाणी तर फोटोचाच फोटो काढला जातो. कॅमेरा कितीही मोठ्या आकड्याचा असो, खरे-खोटे तो ठरवत नाही. ते पाहणाऱ्या माणसालाच ठरवावे लागते.

मग फोन घेताना काय करावे? दुकानाच्या झगमगत्या दिव्यांखाली फोटो काढून भुलू नका. कोपऱ्यातल्या अंधाऱ्या फळीजवळ जा, खोक्यावरच्या बारीक मजकुराचा हातभर अंतरावरून फोटो काढा, मोठा करून वाचा. दोन फोन शेजारी ठेवून हे केले की विक्रेत्याचे भाषण ऐकावे लागत नाही. सेन्सरचा आकार विचारा. तो अपूर्णांकात सांगतात, आणि त्यात खालचा आकडा लहान तो सेन्सर मोठा. १/२.७६ आणि १/१.५६ हे दोन्ही ५० मेगापिक्सेलचेच मिळतात, पण दुसऱ्याचे क्षेत्रफळ जवळजवळ अडीचपट आहे. आणि फोन जुना असला तरी हळहळू नका. भिंग सुती कापडाने पुसा. खिशातल्या घामाने आणि तेलाने जेवढे फोटो बिघडतात, तेवढे मेगापिक्सेलच्या कमतरतेने बिघडत नाहीत. कागदाचा फोटो दिवसा, खिडकीपाशी, बरोबर वरून काढा. बोटांनी चित्र मोठे करण्यापेक्षा दोन पावले पुढे जा.

शेवटी एक मागणी. बिस्किटाच्या पुड्यावर निव्वळ वजन छापण्याची सक्ती आपल्या देशात आहे, म्हणून पुडा फुगीर दिसला तरी गिऱ्हाईक फसत नाही. मोबाइलच्या खोक्यावरही मेगापिक्सेलच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, सेन्सरचा आकार आणि नेहमीच्या फोटोत प्रत्यक्ष मिळणारे ठिपके छापलेच पाहिजेत, असे ग्राहकांनी आणि कामगार संघटनांनी मिळून म्हणावे. मजुरीच्या करारावर एकच आकडा पाहून आपण सही करीत नाही. दर काय, तास किती, कपात कसली, हे विचारतो. तीच सवय दुकानाच्या पायरीवरही सोबत न्यावी, एवढेच माझे सांगणे आहे.