पाण्याखालच्या सामानाचा भाव

अमेरिकेतल्या स्कूबा डायव्हिंगच्या छोट्या दुकानदारांना हे दृश्य चांगले ओळखीचे आहे. गिऱ्हाईक येते, चार मास्क चेहऱ्याला लावून पाहते, फिन्सचे माप घेते आणि घरी जाऊन तेच सामान स्वस्तात ऑनलाइन मागवते.

भावातल्या या फरकात कराचाही वाटा होता. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२च्या ‘क्विल’ निकालामुळे, राज्यात दुकान किंवा गोदाम नसलेल्या विक्रेत्याला तिथला विक्रीकर गोळा करणे बंधनकारक नव्हते. २०१८मध्ये ‘वेफेअर’ खटल्यात त्याच न्यायालयाने ती मोकळीक काढून घेतली. शिवाय अनेक उत्पादक जाहिरातीतली किमान किंमत ठरवून देतात. त्यामुळे नामांकित रेग्युलेटरचा (सिलिंडरमधली हवा श्वासासाठी पुरवणाऱ्या उपकरणाचा) भाव पुष्कळदा दोन्हीकडे सारखाच निघतो. दुकानदाराने हे गिऱ्हाइकाला मोकळेपणाने सांगायला हवे, कारण ‘दुकानात महागच’ हा समज भावापेक्षा जास्त नुकसान करतो.

सिलिंडरमध्ये हवा मात्र कुरिअरने येत नाही.

अमेरिकेतल्या नियमांनुसार सिलिंडरची जलदाब चाचणी साधारणपणे दर ५ वर्षांनी लागते आणि आतून तपासणी वर्षातून एकदा करण्याचा प्रघात आहे. रेग्युलेटरलाही ठरावीक काळाने सर्व्हिसिंग हवे असते. मग पहिले सर्व्हिसिंग आणि काही वेळा हवा भरून देणे हे खरेदीच्याच किमतीत धरले, तर एकूण हिशेब दुकानाच्या बाजूने झुकू शकतो. दुकानात डायव्हिंग शिकणाऱ्या प्रशिक्षणार्थींना सामानावर सवलत देणेही परवडते.

ऑनलाइन घेतलेला रेग्युलेटर दुरुस्तीला आणणाऱ्याला तर कधीच परत पाठवू नये. पुढचा सिलिंडर तो याच दुकानातून घेईल.