पासवर्ड कोणाकडे?
(सालवड येथे प्रभागसंघाच्या बैठकीत केलेल्या भाषणातून)



मी तारापूर एमआयडीसीत एका कारखान्यात पगाराचं काम करायचे. सालवड, पास्थळ, कुंभवलीच्या कितीतरी बायका तिथे ठेकेदाराकडे होत्या. पगाराच्या सॉफ्टवेअरला पासवर्ड एकच, टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहिलेला. हजेरी भरणारी पोरगी, पगार काढणारी मी, आमचे साहेब, सगळे त्याच एका नावाने आत जायचो.

एका महिन्यात एका बाईचा पगार भलत्याच खात्यात गेला. कोणीतरी तिचा खाते नंबर बदलला होता. कोणी? नोंदीत नाव एकच, 'अ‍ॅडमिन'. आळ आला हजेरीवाल्या पोरीवर, कारण ती सगळ्यांत लहान. तिने केलं हे कोणाला दाखवता आलं नाही, आणि तिने केलं नाही हे तिलाही दाखवता आलं नाही. तिने काम सोडलं. मीही तोच पासवर्ड वापरत होते, तायांनो, पण मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

आता आपल्या संघात सीआरपी, लिपिका, सगळ्यांचं मानधन कॉम्प्युटरवर निघणार आहे, म्हणून हे सांगते.

सॉफ्टवेअरमध्ये गट करता येतात. हजेरी आणि कामाचे दिवस भरणारीचा एक गट, मानधनाचा हिशेब करणारीचा दुसरा, मंजुरी देणारीचा तिसरा. नुसतं बघायचं, बदलायचं काही नाही, असाही एक करा, तो ऑडिटला उपयोगी पडतो. कोणाला काय उघडेल हे गटाला ठरवून द्यायचं आणि बाईला त्या गटात टाकायचं. लिपिका लग्न होऊन वाड्याला गेली, की तिचं नाव त्याच दिवशी बंद करा. नवीन आली की तिला तिच्या स्वतःच्या नावाने गटात घ्या. जुनीचा पासवर्ड नवीला देऊ नका. आपल्याकडे सर्रास तेच होतं.

सगळ्यांत जपायची गोष्ट म्हणजे नवीन नाव घालणं आणि खाते नंबर बदलणं. जी हे करते तिनेच मंजुरी द्यायची नाही. यात नवीन काय आहे? बँकेत आपल्या गटाचे पैसे एकटीच्या सहीने निघतात का? रोजगार हमीच्या मजुरीच्या आदेशालाही दोन डिजिटल सह्या लागतात.

कोणी काय बदललं याची नोंद सॉफ्टवेअरमध्ये चालूच राहिली पाहिजे, असा कंपन्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून नियम आहे. आपण कंपनी नाही, तरी ती सोय असेल तर चालू ठेवायला सांगा.

काही ताया म्हणतील, आपल्याच बाया, एवढा अविश्वास कशाला? मला ती पोरगी आठवते. तिचं वेगळं लॉगिन असतं, तर खाते नंबराचं पान तिला उघडलंच नसतं, आणि तेवढ्यावर ती सुटली असती.

अडचण अध्यक्षताईंची असते. "माझा मोबाईल घे गं, ओटीपी तूच टाक," असं म्हणून त्या चहा घ्यायला जातात. मग दोन लॉगिन असून काय उपयोग? अक्षर लागत नसेल तर लिपिकेने नावं आणि रक्कम मोठ्याने वाचावी, ताईंनी ऐकून खात्री करावी, पण बटण ताईंच्याच बोटाने दाबलं जावं.

पुढच्या बैठकीला येताना तुमच्या ग्रामसंघात आज कोणाकोणाकडे पासवर्ड आहे, त्यांची नावं लिहून आणा. पासवर्ड मात्र लिहू नका.