भुताची संगीतिका

मंडळी, आपल्या इंदूरात जन्मलेल्या लताबाईंचा आवाज १९४९ च्या 'महल'मध्ये आधी ऐकू येतो, बाई नंतर दिसते. पहिल्या तबकडीवर नावही पात्राचंच होतं, कामिनी! भुताला चेहऱ्याआधी सूर लागतो.

आम्ही चौघे कचेरी सुटल्यावर १२ मिनिटांची भुताची संगीतिका चित्रित करतो आहोत ती याच जोरावर. वाड्याचा जिना, एक पेटी, मोबाइल. वाडा दिवाळीनंतर पाडणार, म्हणून घाई. जुनंच गाणं घ्या, असं बरेच सुचवतात. पण हक्कांची लेखी परवानगी नसली की महोत्सवाचं दार बंद. म्हणून चाल आमचीच. परदेशी महोत्सवांची प्रवेश फी बहुधा डॉलरमध्ये, उशीर केला की चढते. तीनच ठिकाणी पाठवू. गाणं मराठीतच राहील. इंग्रजी सबटायटल लिहून देणारं कुणी असेल, तर आरतीनंतर भेटावं.