मापाचा प्रोपेलर शाफ्ट



साताऱ्याच्या डोंगरी वाड्यांपासून सांगलीच्या ऊसपट्ट्यापर्यंत
जुन्या जीपगाड्या अजून कामाला आहेत.
मागच्या ॲक्सलचं हाऊसिंग गेलं,
की दुसऱ्या गाडीचं आणून बसवतात.
(तसं करण्याआधी आरटीओत विचारावं.)

हाऊसिंग बसतं.
प्रश्न येतो गिअरबॉक्सचा जोर मागे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा.

जुना शाफ्ट तसाच लावू नका.
नव्या हाऊसिंगचं तोंड पुढे-मागे असतं.
बोटभर फरकही नडतो.

मग माप कसं घ्यायचं?
गाडी सपाट जागी, चारही चाकांवर उभी करा.
जॅकवर नाही.
जॅकवर चाकं लोंबकळतात, माप चुकतं.
पुन्हा सांगतो, गाडी चाकांवर उभी हवी.

आता गिअरबॉक्सकडच्या फ्लँजपासून
हाऊसिंगच्या फ्लँजपर्यंत टेप धरा.
तेवढी शाफ्टची लांबी हवी.

शाफ्टमध्ये एक सरकता सांधा असतो.
एका नळीत दुसरी, दात्यांवर आत-बाहेर होणारी.
स्प्रिंगचे पाटे दबले, की हा सांधा सरकतो.
म्हणून गाडी उभी असताना
तो मधोमध असावा.
दोन्हीकडे जागा हवी.

शाफ्ट लांब झाला,
तर खड्ड्यात सांधा आत टेकतो.
धक्का थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगला बसतो.

आखूड झाला,
तर दाते जेमतेम अडकतात.
भरल्या गाडीनं खंबाटकी घाट चढताना
ते सुटले, तर?
इंजिन गर्जतं, चाकाला जोर मिळत नाही.

शाफ्ट कापून वेल्डिंग केलं,
की बॅलन्सिंग मशीनवर बॅलन्स करून घ्या.
दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे काटे, एका रेषेत आहेत ना,
तेही स्वतः डोळ्यांनी पाहा.
नाहीतर वेगात गाडी थरथरते,
आणि क्रॉस लवकर झिजतात.