आपत्काळी कार्यालयाचे दार
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



पूर, भूकंप यांसारख्या आपत्तीत निराश्रित झालेल्या कुटुंबांसाठी आपले मंगल कार्यालय खुले करावे, असा ठराव आज सभेपुढे आहे. ज्ञातीच्या नावाने जमलेला पैसा ज्ञातीबाहेर कसा खर्चावा, ही काही सभासदांची शंका आम्ही प्रामाणिक मानतो. तिचे उत्तर देण्यापूर्वी पुण्याच्या अनुभवाचे स्मरण करून देतो.

१२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले आणि त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे जुने धरणही त्याच दिवशी टिकले नाही. मुठेकाठच्या पेठांतून हजारो कुटुंबे नेसत्या वस्त्रांनिशी बाहेर पडली. शहराचा पाणीपुरवठा खडकवासल्यावर अवलंबून असल्यामुळे, पाण्याने घरे नेलेल्या त्याच शहरात प्यावयास पाणी उरले नाही. जुन्या वाड्यांतील आड आणि विहिरी पुन्हा कामी आल्या. शाळाशाळांतून निराश्रितांची सोय करावी लागली.

त्या पहिल्या दिवसांत अन्न देणारे हात पुष्कळ होते. परंतु साहाय्याची खरी कसोटी पुढे लागली. अनेक कुटुंबे अर्धवर्तुळाकार पत्र्याच्या ‘निसेन हट’मध्ये राहिली. गोखलेनगरसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. पूरग्रस्तांच्या जागांच्या मालकीचे प्रश्न तर कित्येक दशके रेंगाळले. पूर एका दिवसात ओसरला, विस्थापितपण ओसरले नाही.

म्हणून नुसत्या उत्साहाने दार उघडून भागणार नाही. अशा साहाय्याची किमान मानके आता जगभर मान्य झाली आहेत. निवाऱ्यात माणशी ३.५ चौरस मीटर जागा, दररोज माणशी १५ लिटर पाणी आणि निदान २० माणसांमागे एक शौचालय असावे. आपले सभागृह ३५० चौरस मीटरचे आहे, म्हणजे तेथे १०० माणसे राहू शकतील. त्यांना रोज १,५०० लिटर पाणी आणि पाच शौचालये लागतील. आपल्याकडे शौचालये तीनच आहेत! ही उणीव आज दूर करावयाची, की संकटाच्या दिवशी?

दुसरे असे की, जुने कपडे ढिगांनी येतात. पण स्त्रियांना लागणारे स्वच्छ कापड, तान्ह्या मुलांचे दूध, वृद्धांची औषधे आणि वाहून गेलेल्या शिधापत्रिका व दाखले पुन्हा मिळविण्यासाठी अर्ज लिहून देणारा माणूस, यांची आठवण मागाहून होते. कार्यालयात लग्ने ठरलेली असतील, तर यजमानांना विनंती करून मुहूर्त अन्यत्र साधावा लागेल. हा त्याग लहान नाही, आणि तो आपल्यापैकीच कोणाला तरी करावा लागेल.

आता मूळ शंकेविषयी. शिष्यवृत्तीचा निधी ज्ञातीतील मुलांसाठी जमला, त्याला हात लावू नये. आपत्कालीन निधी निराळा असावा आणि त्यात ज्ञातीची अट नाही, हे वर्गणी घेतानाच स्पष्ट सांगावे. म्हणजे कोणाचाही विश्वासघात होणार नाही.

एका गोष्टीचे मात्र विस्मरण नसावे. आपल्या विद्यार्थ्यांना या शहरात कोणी जागा देईना, नाव ऐकताच दारे लागत, म्हणून आपल्या पूर्वसूरींनी घरोघर फिरून या वास्तूसाठी वर्गणी गोळा केली. भिजलेल्या मुलाला कडेवर घेऊन उद्या एखादी माता याच पायरीवर उभी राहील, तेव्हा आपला स्वयंसेवक तिला प्रथम काय विचारणार? ‘बाई, किती माणसे आहात?’ एवढाच प्रश्न त्याने विचारावा, अशी आमची इच्छा आहे.

ठरावास आपण अनुमती द्यावी आणि शौचालयांच्या बांधकामासाठी आजच्या सभेतच वर्गणीचा आरंभ करावा, अशी नम्र विनंती करून आम्ही आपले भाषण संपवितो.